पोल्डीची नदी

पासाऊ, ८ सप्टेंबर

पोल्डी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू चुलीत टाकलं नसशील, तर वाच. एकोणीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही नाहीस. तुझा मोहाचचा पत्ता हेडीकडून घेतला. ती आणि तुझी एर्झी नाताळला एकमेकींना कार्डं पाठवतात हे मला काल कळलं. दोघी जावांनी एवढी वर्षं मला पत्ता लागू दिला नाही.

आम्ही बरे आहोत. हेडीचा खुबा बदलला. आता ती माझ्यापेक्षा भरभर चालते आणि दिवसातून चारदा ते बोलून दाखवते.

खबर अशी की मी आज बोटीवर चढलो. ती पांढरी, लांबलचक, प्रवाशांची. तेहेतीस वर्षं धरणाच्या जलपाशातून असल्या बोटी मी वर चढवल्या, खाली उतरवल्या, पण एकीवरही पाय ठेवला नव्हता. हेडी म्हणाली, "आयुष्यभर लोकांना दार उघडून दिलंस. पुढे काय आहे ते एकदा जाऊन बघशील की नाही?" मी म्हटलं, पुढे पाणीच आहे. तर म्हणाली, "मग पाणी बघ. मी इमारती बघते."

आठ दिवस, इथून बुडापेस्टपर्यंत.

पासाऊला मी शेकडो वेळा आलो असेन, पण दात काढायला नाहीतर बूट घ्यायला. आज पहिल्यांदा मान वर करून हे गाव पाहिलं. दुपारी बाराला कॅथीड्रलमध्ये ऑर्गन ऐकला. त्याला सतरा हजारांवर नळ्या आहेत म्हणे. मी शेवटच्या बाकावर होतो, आणि खालचा स्वर लागला तेव्हा बाकाचं लाकूड मांडीखाली थरथरलं. दारं लागल्यावर खालून पाणी भरायला लागतं तेव्हा आमच्या खोलीची जमीन अशीच थरथरायची. एवढं मोठं कौतुक आपल्या घरापासून तासाभरावर होतं आणि मी बूट घेऊन परत जात होतो.

नगरपालिकेच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा पाहिल्या. पाचशे वर्षांपूर्वीची एक खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. मग हेडीला घेऊन टोकापर्यंत गेलो, जिथे तीन नद्या मिळतात. इन हिरवट, डॅन्यूब मातकट, इल्झ काळी. तू तेरा वर्षांचा असताना इथेच उभा राहून मला सांगितलं होतंस की इन जास्त पाणी आणते, पण पुढे नाव डॅन्यूबचं चालतं. आणि म्हणालास, "मी या नदीच्या शेवटापर्यंत बोट नेणार." मी म्हटलं, मी पण. तू हसलास. मला पोहताही येत नव्हतं तेव्हा.

पत्र आज टाकतो. उत्तर दिलं नाहीस तरी पुढचं लिहीन.

अलॉइस

मेल्क, १० सप्टेंबर

पोल्डी,

काल सकाळी नऊला आमची बोट आमच्याच जलपाशात शिरली.

मी वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभा होतो. शेजारी बेल्जियमची एक बाई होती, मादाम व्हेर्माइरे, पंच्याऐंशी वर्षांची, गळ्यात दुर्बीण. तिने विचारलं, "आपण या दोन भिंतींत अडकलो का हो?" मी म्हटलं, "नाही बाई. धरण आहे, त्यामुळे नदी इथे पायरी उतरते. बोटीला पायरी उतरता येत नाही. म्हणून तिला या हौदात घ्यायचं, दारं लावायची, पाणी सोडायचं, खालच्या पातळीला आली की पुढचं दार उघडायचं." ती म्हणाली, "तुम्हाला बरंच ठाऊक दिसतं." हेडी मध्येच म्हणाली, "तेहेतीस वर्षं तो वर त्या काचेच्या खोलीत बसायचा. घरीसुद्धा दारं हळूच लावतो."

वर काचेमागे आता कोणी नसतं. दुसरीकडून कुठूनतरी चालवतात. मी पाहत राहिलो. हौदात खालून वर पाहिलं की भिंत किती उंच वाटते याची मला कल्पना नव्हती. ओली, शेवाळलेली, अंगावर येणारी. पोल्डी, मी नेहमी वरून पाहिलं. खाली दोर धरून उभं राहणाऱ्या माणसाला काय दिसतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

हेडीचं बोलणं कोणीतरी वर पोचवलं असावं. अर्ध्या तासाने कप्तानाचं बोलावणं आलं. कप्तान बाई आहे, यार्मिला हुडाकोवा, कोमार्नो गावची, पन्नाशीची. हात पुसत म्हणाली, "प्रवाशांच्या यादीत आख्लाइटनर हे आडनाव वाचलं तेव्हाच मनात आलं होतं. लेओपोल्ड तुमचे कोण?"

मी म्हटलं, "थोरला भाऊ."

तिने मला स्वतःची खुर्ची दिली. म्हणाली, "मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं दोर ओढलेत. नदी वाचायला त्यांनी शिकवलं." आणि मग ती बोलतच राहिली. धुक्यात तू इंजिन बंद करून काठावरच्या कुत्र्यांचं भुंकणं ऐकायचास. पुलाखालून जाताना नेहमी टोपी काढायचास. तिने विचारलं तर म्हणालास, ज्याने एवढं वजन डोक्यावर धरलंय त्याला मान द्यावा. मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्यासाठी तू म्हणजे वायरलेसवरचा आवाज. "काय रे दरवान, जागा आहेस का?"

मग ती म्हणाली, "त्यांनी माझ्या हातावर एकदाच फटका मारला. मागचा दोर अजून खुंट्याला लागला नव्हता आणि मी वायरलेसवर 'तयार' म्हणून बसले. त्यांनी माइक काढून घेतला. म्हणाले, दोन्ही दोर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा शब्द तोंडातून काढायचा नाही. वरचा माणूस आपल्या शब्दावर पाणी सोडतो. तो माझा भाऊ आहे. त्याच्यासारखा हात या नदीवर दुसऱ्याचा नाही."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. ती पुढे म्हणाली, "म्हणून त्यांच्या 'गिझेला' बोटीचं ते प्रकरण मला कधी पटलं नाही. राग मानू नका."

मी म्हटलं, "नाही मानत." मग पाय मोकळे करायला म्हणून खाली गेलो.

आज मेल्कचा मठ पाहिला. लांबून पाहत आलोय जन्मभर, पिवळाधमक, कड्यावर बसलेला. आत एक दिवाणखाना आहे. वर पाहिलं की छत आभाळात निघून गेल्यासारखं दिसतं, खांबांवर खांब चढलेले. मार्गदर्शकाने सांगितलं, छत जवळजवळ सपाट आहे, बाकी सगळी रंगाऱ्याची करामत. खोलीच्या मधोमध उभं राहिलं तरच ती उंची खरी वाटते. कडेला सरकलं की खांब वाकडे होतात. मी मध्ये उभा राहिलो, मग भिंतीपाशी गेलो, परत मध्ये आलो. हेडी म्हणाली, "काही हरवलंय का?" खरंच सांगतो, अशी हुशारी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पुस्तकांच्या दालनात तर सगळे आपोआप हळू बोलायला लागले, मादाम व्हेर्माइरेसुद्धा.

त्या दिवशी, गिझेलाच्या दिवशी, मी वायरलेसवर नीट ऐकलं नसेन असंही असू शकतं. वारा होता. एवढंच लिहून थांबतो. दुपारी वाखाऊची दरी लागेल.

अलॉइस

व्हिएन्ना, ११ सप्टेंबर

पोल्डी,

वारा नव्हता.

काल दुपारी यार्मिलाने मला पुन्हा वर बोलावलं. मेल्क ते क्रेम्स मी सुकाणूच्या बाजूला बसून पाहिलं. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या दगडी पायऱ्या, जर्दाळूच्या बागा, प्रत्येक कड्यावर एक पडका किल्ला. आणि वळण आलं की ती म्हणायची, "इथे तुमचे भाऊ आतून घ्यायचे. सगळे बाहेरून जातात. आतून वेळ वाचतो, पण खडक हातभर अंतरावर येतो." मग ती स्वतः आतून गेली. मी श्वास धरून बसलो. नकाशावर हे वळण माझ्या नखाएवढं आहे. अकराशे टन मका घेऊन, प्रवाहाविरुद्ध, तू हे तीस वर्षं केलंस, आणि वर माझ्याकडे पोचलास की थट्टा करण्याइतका ताजा असायचास. मला वाटायचं, याला काय, बसून चाक फिरवायचं.

ड्युर्नस्टाइनला उतरलो. पाण्यावर तो निळा-पांढरा मनोरा आहे ना, त्याच्याखाली हेडी बराच वेळ नुसती उभी राहिली. म्हणाली, "हा निळा रंग मी घरी कशाला देऊ म्हणून विचार करतेय." मग किल्ल्याच्या अवशेषांपर्यंत चढलो. इंग्रजांच्या सिंहहृदयी राजाला इथे कैदेत ठेवलं होतं. वरून नदी दिसत होती, उन्हात वाकत गेलेली, आणि आमची बोट काडेपेटीएवढी. तिथे मी हेडीला सांगितलं.

तुला आता सांगतो. तू "तयार" म्हणाला नव्हतास. मी ऐकलं नव्हतं, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतंच. पाण्याची झडप मी आधी उघडली. गिझेला पुढे उसळली, तुझा खलाशी मिहाय मागचा दोर खुंट्याला घालत होता, आणि त्याचा पाय दोर आणि खुंट्याच्या मध्ये सापडला. मग मी नोंदवहीत लिहिलं: चार चाळीस, 'तयार' मिळालं. चौकशीत त्यांनी ती वही तुझ्यासमोर ठेवली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी टेबलाकडे पाहिलं. तुझा परवाना गेला. मिहायचा पाय गुडघ्याखाली गेला.

हेडी दगडावर बसली. म्हणाली, "मिहाय इस्पितळात असताना त्याची बायको आपल्या स्वयंपाकघरात रडली, पोल्डीला शिव्या दिल्या. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"मीही त्याला दोन शब्द बोलले तेव्हा? फोनवर?"

"हो."

ती उठली आणि एकटी खाली गेली. नव्या खुब्याने, माझ्या पुढे, एकदाही मागे न बघता. जेवायला ती मादाम व्हेर्माइरेच्या टेबलावर बसली. मला ताटातलं काही गोड लागलं नाही.

आज सकाळी तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "कचेरी आठला उघडते. मी चौकशी केली." एवढंच.

बोटीवरची मंडळी सेंट स्टीफनचं कॅथीड्रल बघायला गेली. मी नदीवाहतुकीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. म्हणाली, "आजोबा, हे प्रकरण बंद होऊन सतरा वर्षं झाली. कप्तान चौऱ्याहत्तरचे आहेत, परवाना परत मिळायचा नाही. तुम्हाला याचा उपयोग काय?" मी म्हटलं, "उपयोग नाही. कागदावर खोटं आहे, त्याच्या शेजारी खरं ठेवायचंय." तिने कोरा कागद दिला. दोन ओळी लिहिल्या, दोन्ही खोडल्या, म्हणून शेवटी मी सांगितलं आणि तिने टाइप केलं. दोनदा थांबली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा तिने मला पाणी आणून दिलं. सही केली, शिक्का घेतला. त्याची प्रत या पाकिटात आहे.

बाहेर हेडी उभी होती. ती माझ्या हाताला धरून सेंट स्टीफनला घेऊन गेली. तू पाहिलं असशीलच ते छप्पर. माशाच्या खवल्यांसारखी रंगीत कौलं, पिवळी, हिरवी, काळी, नागमोडी बसवलेली. युद्धात जळून गेलं होतं ते, पुन्हा एकेक कौल चढवून पहिल्यासारखं केलं. आम्ही मनोऱ्याच्या तीनशे त्रेचाळीस पायऱ्या चढलो. हो, ती पण. वर तिने विचारलं, "पोल्डी काय म्हणेल?" मी म्हटलं, माहीत नाही. "आणि मिहाय?" मिहायचा विचारच मी आजवर धड केला नव्हता, पोल्डी. नेहमी तुझाच केला.

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतो. पंधराला बुडापेस्टला पोचतो. माफ कर असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. ते समोर उभं राहून म्हणायचं असतं.

अलॉइस

बुडापेस्ट, १५ सप्टेंबर

पोल्डी,

तू हे वाचशील तोवर एर्झीने घरी येऊन आजचं सगळं तुला सांगितलेलं असेल. तरी लिहितो.

ब्रातिस्लाव्हा, एस्टरगोम, सगळं पाहिलं. एस्टरगोमची बॅसिलिका टेकडीवर आहे, तिच्या घुमटाखाली माणूस किड्यामुंगीएवढा होतो. छान वाटलं तसं होऊन. पण मन पुढे होतं. आज सकाळी सहाला यार्मिलाने केबिनचं दार वाजवलं. म्हणाली, "वर चला. शहरात शिरताना खाली झोपून राहिलात तर तुमच्या भावाला मी काय तोंड दाखवू?"

मी आणि हेडी शाली गुंडाळून उभे राहिलो. डावीकडे पार्लमेंट अजून सावलीत होतं, सगळे सुळके काळे, मागे आभाळ उजळलेलं. उजवीकडे बुडाच्या टेकडीवर ऊन पोचलं होतं, राजवाड्याच्या खिडक्या एकेक करून पेटत चालल्या होत्या. मध्ये पाणी, एकदम शांत, त्यात दोन्ही काठ उलटे. मग साखळीपूल आला. यार्मिलाने टोपी काढली. मी पण काढली. मादाम व्हेर्माइरेने दुर्बीण खाली ठेवली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, या वयात आता नवीन काही दिसायचं नाही." हेडी रडत होती, पण चांगलं रडत होती.

तू म्हणायचास, बुडापेस्टला पाण्यावरूनच यावं. मी म्हणायचो, शहर शेवटी शहरच, कुठूनही या. माझं चुकलं.

धक्क्यावर मी तुला शोधत होतो. तू नव्हतास. एर्झी होती, हातात टोपली, केस सगळे पांढरे. हेडीला तिने मिठी मारली, दोघी बराच वेळ तशाच. मग माझ्याकडे वळली. "पोल्डीने तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं," ती म्हणाली. "मग बसून वाचलं. मग तो कागद खिशात घातला आणि सकाळची पहिली गाडी पकडून वात्सला गेला, मिहायकडे."

मी विचारलं, "मला भेटायच्या आधी?"

"त्याचा पाय गेला, अलॉइस. पोल्डीचा फक्त परवाना गेला." तिने टोपलीतून मला पोळी दिली, खसखशीची. "निरोप ऐक. तो म्हणाला, मला कागदावर मिळालं तेवढं पुरे. मिहायला मी नुसतं एवढंच सांगितलंय की अलॉइस येऊन बोलेल. काय बोलायचं ते त्याचं त्याने बोलावं. मग माझ्या घरी यावं. आधी नाही."

हेडीने लगेच विचारलं, "वात्सची गाडी कुठून सुटते?"

उद्या जातो.

अलॉइस

वात्स, १६ सप्टेंबर

पोल्डी,

मिहायच्या टेबलावर बसून लिहितोय. कागद त्याचाच, पेनही त्याचंच. तो समोर बसून मक्याच्या कणसांचे दाणे काढतोय आणि मधून मधून विचारतोय, "काय लिहिलंस?"

घर नदीच्या काठाला, फेरीच्या धक्क्याजवळ. दार त्यानेच उघडलं. लाकडी नाही, चांगला नवा पाय आहे, पँटमध्ये कळतही नाही. त्याची बायको आत गेली ती बाहेर आलीच नाही. मी बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं. सगळं.

आणि पोल्डी, तिथे मी ते पण सांगितलं जे तुला लिहिलं नव्हतं, हेडीलाही नाही, त्या कचेरीतल्या मुलीलाही नाही. झडप चुकून उघडली नव्हती. त्या दिवशी तू वायरलेसवर म्हणालास, "दरवान, झोपेतून उठ, कप्तान आलाय." मागे कोणीतरी हसलं. मला राग आला. तू तेराव्या वर्षी म्हणालास ते करून दाखवलंस, नदीच्या शेवटापर्यंत गेलास, आणि मी तिथेच बसून दार उघडत होतो. वाटलं, आज दाखवतो पाणी कोणाच्या हातात आहे. बोटीला थोडा हिसका बसावा, तू जरा धडपडावंस, एवढंच मनात होतं. मागे माणूस वाकलेला आहे हे मी पाहिलं नाही. बघायला हवं होतं. बघणं हेच माझं काम होतं.

मिहाय खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "हसलो तो मीच होतो."

तेव्हा कुठे मीही बसलो.

तो म्हणाला, "पोल्डी तुझी थट्टा करायचा, आणि वायरलेस बंद केला की आम्हाला सांगायचा, याच्या हातात बोट दिली की मी डोळे मिटू शकतो. ते वायरलेस चालू असताना का नाही सांगायचा, देव जाणे. तुम्ही दोघे भाऊ गाढव आहात." मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्याने हंगेरियनमध्ये काहीतरी ओरडून सांगितलं. बायको बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं नाही, पण तीन कप ठेवले.

मग म्हणाला, "माफीबिफीचं मला आज विचारू नकोस. एकोणीस वर्षं मी दुसऱ्याच माणसावर रागावलेलो होतो. ते आधी उतरू दे, मग तुझ्यावर रागवायचं का ते बघतो." मी म्हटलं, ठीक आहे.

दुपारी तो आम्हाला गाव दाखवायला घेऊन गेला. मी म्हटलं, कशाला त्रास. म्हणाला, "एवढ्या लांबून आलात आणि वात्स न बघता जाणार?" एका राणीच्या स्वागताला बांधलेली दगडी कमान दाखवली, मग कॅथीड्रल, मग काठावरचा चौक. प्रत्येक ठिकाणी थांबून माझं तोंड बघायचा, मला आवडलं की नाही ते. मला आवडलं. तो चालतो सावकाश, पण थांबत नाही. हेडी त्याच्या बाजूने चालत होती, खुबा आणि पाय यांची तुलना करत. दोघं हसली सुद्धा.

आता शनिवारी तुझ्या घरी यायचं. मी एकटा येणार होतो. मिहाय म्हणाला, "तू एकटा गेलास तर रागाची गोष्ट गाळशील. ती त्याने तुझ्या तोंडून ऐकायला हवी, कागदावरून नाही." म्हणून तोही येतोय. या पत्रात मी ती लिहिली आहे, तेव्हा पत्र टपालात टाकायचं नाही, हातात द्यायचं, असं ठरलं. तू वाचायच्या आधी मी बोलणार. अडखळलो तर पुढचं मिहाय सांगेल, पण म्हणतो की अडखळू देणार नाही.

हेडी एर्झीला फोन करून कळवतेय की मोहाचला आम्ही चौघं येतोय. मिहायच्या बायकोने शेवटी विचारलं की पोल्डीला अजून आंबट चेरीचं सूप आवडतं का. तिने ते करायला घेतलंय.

अलॉइस